मागचे चाक, पुढचा बर्फ

काही समजुती अशा असतात की त्यांचे कारण कधीच संपलेले असते, पण समजूत मात्र मुक्काम ठोकून बसलेली असते. थंड देशांत मोटारीविषयी अशीच एक समजूत आहे : ज्या गाडीची मागची चाके इंजिनाने फिरतात, ती बर्फावर नेऊ नये, पुढची चाके फिरणारी गाडीच घ्यावी. दोन पिढ्या हा सल्ला बापाने मुलाला दिला आणि मुलाने जावयाला. आता विजेवरच्या मोटारी आल्या आणि त्यातल्या पुष्कळशा नेमक्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या निघाल्या. गंमत म्हणजे या गाड्यांचे सगळ्यात मोठे कौतुक झाले ते नॉर्वेसारख्या बर्फाळ देशात. मग जुना सल्ला खोटा होता का? खोटा नव्हता. तो कशामुळे खरा होता आणि कशामुळे खरा राहिला नाही, याचीच आज गोष्ट सांगायची आहे.

ही गोष्ट मोटारीपासून सुरू होत नाही. ती घोड्याच्या नालेपासून सुरू होते. १८१२ साली नेपोलियन रशियातून माघारी फिरला, तेव्हा त्याच्या फौजेचे हाल भुकेने आणि थंडीने केले हे आपण शाळेत वाचतो. पण आणखी एक कारण होते. फ्रेंच घोड्यांच्या पायांत साध्या सपाट नाला होत्या. बर्फाळ चढणीवर घोडे घसरून पडत, पुन्हा उठत आणि पुन्हा पडत. शेवटी उठतच नसत. मग त्यांच्यामागच्या तोफा आणि रसदीच्या गाड्या तिथेच सोडून द्याव्या लागत. नेपोलियनच्या पागेची व्यवस्था पाहणारा आर्मां द कोलँकूर हा आधी काही वर्षे रशियात फ्रान्सचा राजदूत होता. तिथला हिवाळा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने खास बादशाही पागेतल्या घोड्यांना टोके असलेल्या, बर्फात रुतणाऱ्या नाला ठोकून घेतल्या होत्या. त्या घोड्यांनी माघारीच्या वाटेवर पुष्कळच तग धरला. एवढ्या मोठ्या फौजेत प्रश्न शक्तीचा नव्हता, पकडीचा होता. घोड्यात बळ होते, पण जमिनीने ते बळ घेतले नाही.

माझे वडील मिरजेत टांगा चालवत, त्यामुळे नालेचे महत्त्व मला वेगळे शिकावे लागले नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच नालबंद बसत. पावसाळ्यात गुळगुळीत फरशीवर घोड्याचा पाय सटकला की वडील चाबूक उचलत नसत, लगाम सैल सोडत. सवाऱ्या मागे जास्त झाल्या आणि टांगा उलाळ झाला की म्हणत, ‘‘भाऊ, जरा पुढं सरका.’’ वजन कुठे आहे आणि ओढणारा कुठे आहे, या दोन गोष्टी जुळल्या तरच गाडी चालते. मोटारीच्या बर्फातल्या चालीचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

आता मोटारीकडे येऊ. १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पॅनहार्ड कंपनीने इंजिन पुढे आणि फिरणारी चाके मागे अशी मांडणी रूढ केली. पुढची चाके वळवायची आणि त्यांनाच फिरवायचीही, ही जोडणी त्या काळच्या लोहारकामाला अवघड होती. म्हणून कामाची वाटणी झाली. पुढच्या चाकांनी दिशा दाखवावी, मागच्यांनी ढकलावे. हेन्री फोर्डची १९०८ ची ‘मॉडेल टी’ही अशीच होती. पुढची चार-पाच दशके जगातल्या बहुतेक मोटारींची मांडणी हीच राहिली.

त्या पहिल्या काळात विजेची मोटार ही नवलाईची गोष्ट नव्हती, हे आज ऐकून आश्चर्य वाटते. १९०० साली अमेरिकेत ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यातल्या १,५७५ विजेवरच्या होत्या. पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या आणि बाकीच्या वाफेच्या. त्याच्या आदल्या वर्षी, १८९९ मध्ये, कामिय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने विजेच्या मोटारीतून ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली होती. तिच्याही मोटारी मागच्या चाकांवरच होत्या. पुढे १९०७ पासून ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ नावाची गाडी निघू लागली. तिला दारे होती, काचेच्या खिडक्या होत्या, आत गादीची बैठक होती. वेग ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लॅरा फोर्ड ही गाडी वापरत असे. नवरा जगाला पेट्रोलची मोटार विकतोय आणि बायको विजेच्या मोटारीतून बाजाराला जातेय!

याचे एक कारण हिवाळ्यात होते. पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवायचे. थंडीत इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होई. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला यातले काहीच नव्हते. बसायचे, कळ दाबायची आणि निघायचे. पण चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला आणि पेट्रोलच्या गाडीचे ते दुखणे संपले. पेट्रोल स्वस्त झाले, रस्ते लांबचे झाले. बॅटरी मात्र होती तिथेच राहिली. विजेच्या मोटारी हळूहळू दिसेनाशा झाल्या. म्हणजे बघा, विजेवर आणि मागच्या चाकांवर चालणारी मोटार बर्फातून नेणे ही आजची नवी गोष्ट नाही. शंभर वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या बायका ते करत होत्या. मधल्या काळात ते जग विसरले, इतकेच.

मग पुढच्या चाकांची महती आली कुठून? १९३४ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने ‘त्राक्सियों आव्हाँ’ ही गाडी काढली. त्या नावाचा अर्थच ‘पुढून ओढणारी’. १९४९ च्या अखेरीस स्वीडनमध्ये विमाने बनवणाऱ्या साब कंपनीने पहिली मोटार बाजारात आणली, तीही पुढून ओढणारी. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये अलेक इस्सिगोनिसची ‘मिनी’ आली. साबच्या गाडीतून एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ अशी सलग दोन वर्षे मोंटे कार्लोची हिवाळी रॅली जिंकली. मग लोकांचा विश्वासच बसला.

कारण सरळ होते. इंजिन हा गाडीतला सगळ्यात जड भाग. तो पुढे, आणि त्याच्याच खाली फिरणारी चाके. जड वजनाने चाक बर्फावर दाबले जाते आणि त्याला पकड मिळते. याउलट इंजिन पुढे आणि फिरणारी चाके मागे असली, मागे माणसे किंवा सामान नसले, तर मागची चाके हलकी राहतात आणि जागच्या जागी गरगरतात. म्हणून स्वीडनमध्ये मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्होल्वो गाड्यांच्या डिकीत लोक हिवाळ्यात वाळूची पोती ठेवत. आपल्याकडे घाटात चिखलात जीप रुतली की ड्रायव्हर म्हणतो, ‘‘चार जण मागे बसा.’’ तोच हिशेब. तेव्हा जुन्या सल्ल्यातला दोष मागच्या चाकाचा नव्हताच. दोष होता ओझे एकीकडे आणि मेहनत दुसरीकडे असण्याचा. इंजिन मागे असलेली फोक्सवॅगनची ‘बीटल’ मागच्याच चाकांवर चालत असूनही बर्फात बरी चढे, हा त्याचा त्याच काळातला पुरावा होता. पण समजुतींना पुरावे वाचायची सवय नसते.

मागच्या चाकाची एक भीती मात्र खरी होती, आजही आहे. वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी वळायचे नाकारते आणि सरळ जाते. माणूस घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि बहुधा तेच योग्य ठरते. मागची चाके घसरली तर गाडीचे शेपूट बाहेर निघते आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. तिला सावरायला शेपूट जिकडे जाते तिकडेच स्टिअरिंग वळवावे लागते, तेही हलक्या हाताने. हे अंगवळणी पडावे लागते, पुस्तकातून येत नाही. म्हणूनच नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये वाहनपरवाना मिळवताना घसरड्या मैदानावर गाडी चालवण्याचे शिक्षण सक्तीचे आहे. माणसाला आधी सुरक्षित जागी घसरू देतात आणि मग रस्त्यावर सोडतात.

या सगळ्या वादात ज्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही, तो म्हणजे टायर. १९३४ साली फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याने ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर तयार केला. पुढे हाच कारखाना ‘नोकियन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३६ मध्ये मोटारींसाठीचा टायर निघाला आणि त्याला ‘हक्कापेलिट्टा’ हे जुन्या फिनिश घोडेस्वारांचे नाव दिले. घोड्याची आठवण इथेही सुटली नाही! १९६० च्या दशकात टायरमध्ये लोखंडी खिळे आले. कोलँकूरच्या टोकदार नाला दीडशे वर्षांनी रबरात उगवल्या म्हणा. साधा टायर सुमारे सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. खिळ्यांच्या टायरचा त्रासही आहे. ते डांबर खरवडतात आणि हवेत धूळ उडवतात. म्हणून ओस्लो शहरात अशा टायरवर शुल्क घेतले जाते. पकड हवी आणि श्वासही हवा, यातला मध्य प्रत्येक शहराला शोधावा लागतो.

टायरचे महत्त्व एका ढोबळ हिशेबाने सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून बारा-तेरा मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला चाळीसेक मीटर लागतात. गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर जवळजवळ शंभर. आता गाडी पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, याचा या आकड्यांशी काही संबंध नाही; कारण ब्रेक चारही चाकांना असतात. गाडी निघते कशी, हा चालवणाऱ्या चाकांचा प्रश्न आहे. गाडी थांबते कशी, हा टायरचा आणि वेगाचा प्रश्न आहे. आणि माणसे मरतात ती बहुधा गाडी निघत नाही म्हणून नव्हे, गाडी थांबत नाही म्हणून. वेग निम्मा केला की थांबायचे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते. शंभर मीटरचे पंचवीस होतात. इतका स्वस्त विमा जगात दुसरा नाही.

पुढचा टप्पा यंत्राच्या बुद्धीचा. १९७८ मध्ये बॉश कंपनीची, ब्रेक मारल्यावर चाक जाम न होऊ देणारी व्यवस्था मर्सिडीझच्या गाडीत आली. १९९५ मध्ये गाडी फिरू लागली की एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून तिला सरळ करणारी व्यवस्था आली. तिची खरी प्रसिद्धी झाली ती १९९७ मध्ये. स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने रस्त्यात अचानक मोठे हरीण आडवे आले असे कल्पून मर्सिडीझची छोटी ‘ए-क्लास’ गाडी झटकन वळवून पाहिली आणि ती उलटली. ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कंपनीने मग ती व्यवस्था सगळ्या ए-क्लास गाड्यांत बसवली. २०१४ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. उत्तर स्वीडनमधल्या आर्येप्लोग या लहानशा गावातल्या गोठलेल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात मोठमोठ्या कंपन्या अशा यंत्रणांची परीक्षा घेतात.

आणि मग विजेची मोटार परत आली. १९८९ मध्ये नॉर्वेच्या ‘आ-हा’ या प्रसिद्ध गायकवृंदातले दोघे आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे विजेवर चालवलेली एक छोटी फियाट पांडा घेऊन ओस्लोत फिरू लागले. टोल भरायला त्यांनी ठाम नकार दिला. दंड झाला, गाडी जप्त झाली, लिलाव झाला आणि त्यांनीच ती परत विकत घेतली. या खोडसाळपणातून धोरण निघाले. १९९० पासून नॉर्वेने विजेच्या गाड्यांवरचे कर एकेक करून उठवले. १९९७ मध्ये टोल माफ झाला, २००१ मध्ये मूल्यवर्धित कर. याच २००१ साली आपल्या बंगळुरात ‘रेवा’ ही चिमुकली विजेची गाडी आली. तीही मागच्या चाकांवर चालणारी. ती लंडनला गेली आणि नॉर्वेतही विकली गेली.

२०१३ च्या सप्टेंबरात टेस्लाची ‘मॉडेल एस’ ही नॉर्वेत त्या महिन्यातली सर्वाधिक खपाची मोटार ठरली. तेव्हा ती फक्त मागच्या चाकांवर चालणारीच मिळत असे. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूची ‘आय थ्री’ आली, २०२० मध्ये फोक्सवॅगनची ‘आयडी थ्री’, याही तशाच. २०२५ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ९६ टक्के विजेवरच्या होत्या. त्यातल्या कितीतरी चारही चाकांवर चालणाऱ्या असतात हे खरे. पण मागच्या चाकांच्याही पुष्कळ आहेत आणि त्या बर्फातून रोज कामावर जातात.

हे जमले कसे? पुन्हा टांग्याचाच हिशेब. पुढे जड इंजिन नाही. बॅटरी पायाखाली सपाट पसरलेली, मोटर मागच्या चाकांच्या मधोमध. वजन पुढे-मागे जवळपास निम्मे-निम्मे. चढावर निघताना वजन आणखी मागे झुकते, म्हणजे फिरणाऱ्या चाकांवरच येते. वाळूची पोती आता गाडीतच बांधलेली आहेत. शिवाय विजेच्या मोटरची ताकद क्षणाच्या बारीकशा अंशात कमी-जास्त करता येते. चाक गरगरू लागायच्या आतच तिला लगाम बसतो.

माझा एक भाचा ओस्लोजवळ राहतो. त्याने अशी गाडी घेतली तेव्हा त्याच्या कार्यालयातल्या एका वयस्क गृहस्थाने जुना सल्ला ऐकवला. तो सल्ला भाच्याने फोनवर आपाला सांगितला आणि आपाची झोप उडाली. तिने मला फोन केला, ‘‘तू शिकलेला आहेस, त्याला समजाव.’’ मी त्याच्याशी बोललो. त्यानेच मला समजावले. ‘‘मामू, गाडीपेक्षा माझा पाय महत्त्वाचा,’’ तो म्हणाला. नोव्हेंबर लागायच्या आत तो टायर बदलतो. सकाळी गाडी प्लगला लावलेली असतानाच आतून तापवून घेतो, म्हणजे बॅटरी वाटेत कमी खर्च होते. थंडीत एका चार्जिंगमधले अंतर घटते. नॉर्वेच्या मोटारचालक संघाने २०२० मध्ये वीस गाड्यांची हिवाळी चाचणी घेतली, तेव्हा ही घट सरासरी सुमारे एक-पंचमांश निघाली होती. तेवढे धरूनच तो निघतो.

एक नवी गोष्टही त्याने सांगितली, ती जुन्या सल्ल्यात असणे शक्यच नव्हते. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटर उलटे काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज परत बॅटरीत भरते आणि गाडीचा वेग उतरतो. मागच्या चाकांच्या गाडीत हा अटकाव फक्त मागच्या चाकांवर येतो. उताराच्या बर्फाळ वळणावर पाय एकदम काढला तर मागची चाके क्षणभर घसरू शकतात आणि शेपूट निघू शकते. यंत्रणा सावरते, पण बर्फच गुळगुळीत असेल तर यंत्रणेलाही धरायला काही लागते ना! म्हणून तो बर्फाच्या दिवसांत हा अटकाव कमीत कमी ठेवतो आणि पाय हळूहळू उचलतो. त्यातही बॅटरी फार गार असली तर ती वीज परत घेत नाही आणि गाडी नेहमीइतकी मंदावत नाही. कालच्या सवयीवर आज विसंबून चालत नाही. भाच्याचे हे बोलणे मी आपाला जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, ‘‘म्हणजे तुझ्या अब्बांसारखाच आहे, लगाम सैल धरणारा.’’ त्यानंतर तिने मला त्या विषयावर फोन केला नाही.

हे सगळे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे आता राहिलेले नाही. ‘रेवा’ कंपनी २०१० मध्ये महिंद्रने घेतली. त्याच महिंद्रच्या नव्या विजेच्या गाड्या २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाल्या. त्या पुण्याजवळ चाकणला तयार होतात आणि मागच्या चाकांवर चालतात. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला, तेव्हापासून मनालीपलीकडचा बर्फ पर्यटकाला फारच जवळ आला आहे. आपल्याकडून मोटार घेऊन तिथे जाणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या गाडीचे टायर उन्हाचे आणि पावसाचे असतात, बर्फाचे नव्हेत. तिथले टॅक्सीवाले चाकांना साखळ्या बांधतात, ते हौस म्हणून नाही. ‘माझ्या गाडीत सगळी यंत्रणा आहे’ असे म्हणून त्या उतारावर गाडी घालणे म्हणजे सपाट नालांचे घोडे घेऊन रशियात जाणे. यंत्रणा असलेली पकड जपते, नसलेली पकड निर्माण करत नाही.

दोनशे वर्षांत नाल बदलली, चाक बदलले, इंजिन पुढून मागे आले, पेट्रोल जाऊन वीज आली. एक गोष्ट बदलली नाही. दीड-दोन टनांची गाडी आणि आतली चार-पाच माणसे रस्त्याला धरून असतात ती फक्त चार जागी, आणि प्रत्येक जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. त्या चार तळहातांखाली काय आहे ते पाहूनच पाय टाकायचा. वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकावा जरूर. पण सल्ला देणाऱ्याला एक प्रश्नही अदबीने विचारावा : हे तुम्ही शिकलात तेव्हा वजन कुठे होते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)